नलूच्या नावाची नोटीस

आषाढी एकादशीला कौसल्याकाकूंनी तळहातावर पाणी घेऊन देवापुढे सोडलं आणि चातुर्मासाचा नेम धरला. रोज ऊन उतरलं की मौन. माळ घेऊन तुळशीपाशी बसायचं, एकशे आठ मणी पुरे करायचे, दिवा लावायचा आणि मगच तोंड उघडायचं. कार्तिकीला नेम सुटायचा, आणि उद्यापनाला देवळात एक घंटा द्यायची. मौनाचं उद्यापन घंटेनंच करायचं असतं. चार महिने आवरलेला आवाज मग देवाच्या दारी वाजत राहावा, असं काकूंची सासू सांगायची.

काकू मुळातच इतक्या हळू बोलायच्या की फणसवाडीतल्या त्यांच्या चाळीत या नेमाचं कुणाला काही वाटलं नाही. शेजारची गंगुबाई तर तोंडावरच म्हणाली, "काकू, तुमचं मौन म्हणजे माशानं पोहायचा नेम करण्यातलं झालं. नेम करायचा तर मी करायला हवा." आणि स्वतःच पोट धरून हसली.

फरक पडला तो एकट्या नलूला.

नलू म्हणजे जिन्यालगतच्या चिंचोळ्या खोलीतल्या सीताराम आणि कांताची एकुलती एक मुलगी. सीताराम गिरगावातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. खोलीच्या भाड्याची पावती त्यांच्या नावाची नव्हती. मालकाचा दिवाणजी आठ वर्षांमागं "राहा सध्या" म्हणाला होता, आणि त्या "सध्या"वर त्यांचा संसार उभा होता. नलू त्याच खोलीत जन्मली. सुईण यायच्या आत जन्मली, म्हणून तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते काकूंनी. काकूंना मूलबाळ नव्हतं, काका जाऊन दहा वर्षं झाली होती. जन्मली तेव्हापासून नलू दिवसातून निदान एकदा तरी काकूंकडं आली नाही असं झालं नाही.

काकू संध्याकाळच्या का बोलत नाहीत, याचा नलूनं स्वतःच शोध लावला होता. "काकूंनी आवाज देवाकडं ठेवायला दिलाय," ती सगळ्यांना सांगायची. "दिवा लावला की देव परत देतो." मग ती काकूंशेजारी बसून दोघींच्या वाटचं बोलायची. शाळेत बाईंनी काय म्हटलं, कुणाचा दात पडला, आईनं आज माशात कोकम जास्त घातलं. काकू नुसत्या भुवया हलवायच्या. नलूला तेवढं पुरायचं.

आता ती तुळस कुठं होती ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या जागेमुळं झालं.

दुसऱ्या मजल्याची गॅलरी काटकोनात वळायची. लांब बाजूला काकू, गंगुबाई, सीताराम अशी बिऱ्हाडं. वळणापलीकडं आखूड बाजूला, वळणाला लागूनच, नानांची खोली आणि टोकाला नळ. वळणाच्या खांबापाशी काकूंची तुळस, गेरू लावलेल्या रॉकेलच्या डब्यात. इकडून जाणाऱ्याला पलीकडचं दिसत नसे, पलीकडच्याला इकडचं दिसत नसे. दोन्हीकडचं दिसायचं ते फक्त काकूंना.

सत्तावन्न सालची गोष्ट. मुंबईत तेव्हा पोरं चोर-शिपाई खेळायची थांबली होती. ती मोर्चा खेळायची. निम्मी पोरं सत्याग्रही, निम्मी पोलीस. नलू नेहमी सत्याग्रही, कारण तिचा बाप आदल्या वर्षी खरोखरीच पंधरा दिवस आत जाऊन आला होता. हातातल्या फूटपट्टीला परकराची चिंधी बांधून ती पुढं, आणि मागून पाच-सहा जण. घोषणा एकच: "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" ही घोषणा पोरांना नानांनी शिकवली होती. "झालाच"मधला च असा आपटायचा, म्हणून करून दाखवलं होतं, आणि जो बरोबर आपटेल त्याला खडीसाखर.

नाना म्हणजे कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, एकटे. चौतीस वर्षं त्यांच्या उजव्या हातानं कोर्टाचे कागद लिहिले, आणि निवृत्तीनंतर चाळीचे. शाळेचा अर्ज, रेशनकार्ड, गावच्या मामलेदाराला पत्र, सगळं नानांकडं. मोत्यासारखं अक्षर. पैसा घेत नसत. "बसा, चहा घ्या" म्हणत आणि तासभर कायदा सांगत. अर्ज लिहून घ्यायला आलेल्याला तेवढं ऐकावंच लागे.

पितृपक्षातली संध्याकाळ होती. नळ जायची वेळ. काकूंच्या बोटांत चाळिसाच्या आसपासचा मणी असेल. लांब बाजूला मोर्चा चालला होता. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "पोलीस आले रे!" आणि पोरं पांगली. नलू झेंडा सांभाळत, मागं बघत, वळणाकडं धावत सुटली. आणि पलीकडून भरलेली बादली घेऊन नाना येत होते. नळ जाईल म्हणून घाईत, धोतर एका हातानं उचलून.

काकूंना दोघंही दिसत होती.

"थांब." केवढा तो शब्द! तो घशापर्यंत आला. काकूंनी ओठही विलग केले. आणि मनात आलं, नेम. आजवर एकदाही मोडला नाही.

तेवढ्यात बादली आदळली.

पाणी सगळीकडं झालं. नलू बादलीवर आपटून बाजूला पडली आणि नाना पाण्यावरून घसरून उजव्या हातावर. हाडाचा आवाज काकूंनी ऐकला. लोक धावले. नाना कण्हत म्हणाले, "हिनं पाडलं मला! या पोरीनं!" आणि सगळ्यांच्या नजरा नलूकडं गेल्या. ती भिजून चिंब झालेली, हातात मोडकी फूटपट्टी. काकू उठल्या, त्यांनी नानांचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं तोंड पुसलं. बोलल्या मात्र नाहीत. टॅक्सी आली, नानांना इस्पितळात नेलं. मग काकू पुन्हा बसल्या आणि उरलेले मणी पुरे करून त्यांनी दिवा लावला.

माळ पुरी झाली त्या दिवशी. पण दिव्याकडं बघवेना.

मनगट मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर, आणि पुढं बोटं किती वळतील ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. चाळीत दोन दिवस चर्चा चालली. पोरांना आवरायला हवं, नळाची वेळ बदलायला हवी, वगैरे. काकूंना कुणी काही विचारलं नाही. त्या मौनात होत्या, देवाच्या कामात होत्या. त्यांना काय विचारायचं?

काकूंनी एक वेळचं जेवण सोडलं. कुणाला कारण कळलं नाही. पितृपक्ष आहे, असेल काहीतरी, असं लोकांना वाटलं.

नवव्या की दहाव्या दिवशी, शनिवारी, पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढला. "नलिनी सीताराम राऊळ कोण?"

"मी!" नलू म्हणाली. कांता बाजारात गेली होती.

पोस्टमननं तिच्याकडं पाहिलं, पाकिटाकडं पाहिलं. "सही येते?"

नलूनं त्याच्या पेन्सिलीनं जीभ बाहेर काढून सही केली आणि पत्र छातीशी धरून काकूंच्या दाराशी आली. पण ऊन उतरलं होतं. काकू माळ घेऊन तुळशीकडं निघाल्या होत्या.

नलू शेजारी येऊन बसली. आज ती हलकेच बोलत होती, जणू पत्राला ऐकू जाईल.

"काकू, मला पत्र आलंय. माझं एकटीचं. नलू नाही लिहिलं, नलिनी लिहिलंय. मी फोडलंय, पण वाचता येत नाही हो सगळं. लिहिणारा पहिलीतला असणार. बघा, त्याचा ळ कसा पडलाय. आणि रेघ सोडून चाललाय. आमच्या बाई असत्या तर छडीच." तिनं कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. "मुलगा आहे की मुलगी, कोण जाणे. आम्ही मैत्री करू. लवकर करा ना तुमची माळ."

काकूंनी डोळ्यांच्या कडेनं कागद पाहिला आणि बोटं मण्यावर थांबली. अक्षर पहिलीतल्या मुलाचं नव्हतं. उजव्या हाताचा माणूस डाव्या हातानं लिहायला बसला होता.

त्यांनी माळ पुरी केली. दिवा लावला, हात जोडले, आणि कागद घेतला.

"नलिनी सीताराम राऊळ, वय वर्षे सात पूर्ण, धंदा शिक्षण, हिस," असं सुरू झालं होतं. पुढं लिहिलं होतं की अमुक तारखेस सायंकाळी सदरहू इसमाने गॅलरीत बेदरकारपणे धावून नोटीस देणारास जायबंदी केले. सबब पंधरा दिवसांचे आत सर्व भाडेकरूंसमक्ष आपली जबाबदारी लेखी कबूल करावी. न केल्यास मालकांकडे रीतसर तक्रार करून सदरहू कुटुंबाची खोली खाली करून घेण्याची तजवीज करण्यात येईल.

"इसम म्हणजे?" नलूनं विचारलं.

"तू."

"मी इसम?" नलूला ते आवडलं. मग तिनं काकूंचा चेहरा पाहिला. "कुणी लिहिलंय?"

"नानांनी."

नलूचा सगळा उत्साह गळाला. आठ पावलांवर राहणाऱ्या नानांनी तिच्याशी बोलायचं सोडून पोस्टातून पत्र पाठवलं होतं. "मग पहिलीतलं कुणी नाहीच?" ती एवढंच म्हणाली.

कांता बाजारातून आली. तिनं कागद हातात घेतला आणि खालीच बसली. आदल्या वर्षी पोलीस आले तेव्हा त्यांच्या हातात असाच कागद होता. "काकू, पावती आमच्या नावाची नाही. नुसती एक चिठ्ठी गेली मालकाकडं तरी दिवाणजी सामान बाहेर काढील. तो टपलेलाच आहे. कुठं जायचं हो आम्ही?"

"उद्या रविवार," काकू म्हणाल्या. "सकाळी नानांकडं जाऊ. मी येते बरोबर."

दुसऱ्या दिवशी काकू पूजेला बसल्या. बाळकृष्णाला न्हाऊ घालताना रोज त्यांच्या तोंडून एखादी ओवी यायची, आज आली नाही. देवाला कोरडं करून त्यांनी पाटावर ठेवलं आणि म्हणाल्या, "आज जे बोलायचं ते नीट बोलू दे बाबा." आणि निघाल्या.

नानांच्या खोलीत आरामखुर्ची, भिंतीला टेकवलेलं लिहिण्याचं उतरतं मेज, त्यावर दौत. दौतीभोवती शाईचे डाग. नाना प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसले होते. समोर सीताराम, कांता, दोघांमध्ये नलू. गंगुबाईला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणजे ती येणारच होती.

सीतारामनं हात जोडले. "नाना, झालं ते वाईट झालं. मी तिच्या दोन थोबाडीत दिल्या. औषधपाणी, डबा, काय लागेल ते आम्ही करू. पण मालकाला मध्ये कशाला आणता?"

"औषधाला मी महाग नाही, सीताराम. मला तत्त्व पाहिजे. अपघात घडला. करणारा कोण? ती. मग जबाबदार कोण? ती. तू नव्हेस. म्हणून नोटीस तिच्या नावानं काढली. मी कायद्याला सोडून एक अक्षर लिहिलेलं नाही."

"घोषणा कुणी शिकवल्या पोरांना?" सीताराम तापला. "खडीसाखर कुणी वाटली?"

"घोषणा द्यायला शिकवलं, धावायला नाही!"

"पोरगी ती, धावतली नाय तर काय रांगतली?" गंगुबाई दारातून म्हणाली. "यशोदेनं किस्नाला उखळाला बांधलं हो, पण रजिस्टर नोटीस नाय पाठवली."

"गंगुबाई, हे कोर्टाचं काम आहे."

"हे कोर्ट काय? मला वाटलं खोली आहे."

नानांनी तिकडं दुर्लक्ष केलं. "सात वर्षांखालचं मूल गुन्हा करूच शकत नाही, असं कायदा म्हणतो. मान्य. पण हिला सात पूर्ण आहेत. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून एकोणीसशे पन्नास. काढा हिशेब."

कांतानं मान खाली घातली. काकूंनी तिच्याकडं पाहिलं, मग नानांकडं. नानांची नजर दुसरीकडंच होती.

"भावोजी," काकू म्हणाल्या. काका आणि नाना एकत्र वाढलेले, म्हणून त्या नानांना भावोजी म्हणत. त्या इतक्या हळू बोलल्या की सगळे आपोआप गप्प झाले. "नलू जन्मली ती आवळीनवमीला. मी इथंच होते. कार्तिकात तिला सात पुरी होतील. म्हणजे अजून महिना-सव्वा महिना आहे."

"दाखला काय म्हणतो ते—"

"दाखल्याचं राहू द्या. मला कायद्यातलं कळत नाही, म्हणून विचारते. आवळीनवमीच्या आधी ती जबाबदार नाही, आणि त्या दिवशी आवळीखाली जेवून उठली की जबाबदार. असंच ना?"

"रेघ कुठंतरी मारावीच लागते, वहिनी."

"मारावी लागत असेल. पण आवळीखालून उठल्यावर तिला त्या वळणापलीकडचं दिसायला लागेल का?"

नानांनी प्लास्टरचा हात उशीवर सारखा केला.

"तिला तुम्ही दिसत नव्हता, भावोजी. तुम्हाला ती दिसत नव्हती. कितीही वर्षांचं माणूस असतं तरी दिसलं नसतं." काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं. "मला दिसत होतं. दोघंही. ती तिकडून येतेय, तुम्ही इकडून येताय, हातात भरलेली बादली. 'थांब' म्हणायला वेळ होता. शब्द इथं आला होता." त्यांनी गळ्याला हात लावला. "मी गिळला. नेम मोडेल म्हणून."

दाराशी टेकलेली गंगुबाई खाली बसली.

"अहो, तुम्ही व्रतात होतात," नाना चाचरत म्हणाले. "तुम्हाला कोण बोल लावील?"

"तेच ना. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. सहा वर्षांच्या पोरीला सगळे विचारतात, तू कशी धावलीस. साठीच्या बाईला कुणी विचारत नाही, तू का बसून राहिलीस. नोटीस द्यायची तर माझ्या नावाची द्या. मी सगळ्यांसमोर कबूल करते. लिहूनही देते."

आणि नलू, जी इतका वेळ बापाच्या शर्टाचं टोक चावत होती, एकदम पुढं आली.

"काकूंना काही बोलू नका हं! काकूंचा आवाज तेव्हा देवाकडं होता. त्या कुठून ओरडणार?"

काकूंनी तिला जवळ ओढलं. डोळ्यांत पाणी आलं होतं ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "देवानं दिला असता गं, बाळा. लगेच दिला असता. मीच मागितला नाही."

नानांनी आपल्या प्लास्टरकडं पाहिलं. बोटांची टोकं बाहेर होती, ती त्यांनी हलवून पाहिली. जेमतेम हलली.

"दहा दिवस झाले," ते म्हणाले, पण आता आवाज कोर्टातला नव्हता. "एक माणूस दाराशी आला नाही. अर्ज नाही, पत्र नाही. काल तिसऱ्या मजल्यावरचा रमाकांत रेशनकार्डाचं काम घेऊन दारावरून पुढं गेला. मान हलवली आणि गेला. मला वाटलं, हा हात गेला की नाना गेला." त्यांनी मेजाकडं पाहिलं. "डाव्या हातानं एक कागद लिहून बघावा म्हटलं. मला दुसरं काय लिहिता येतं? नोटीसच सुचली."

"अगो बाय," गंगुबाई हळूच म्हणाली. "सांगायचं नाय का? मी रोज येऊन बसले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं."

सीताराम हसला. हसू नये म्हणून त्यानं तोंडावर हात धरला, पण हसलाच. कांतालाही हसू आलं आणि त्यातच रडू.

मग नाना खाकरले. "आणि वहिनींनी एवढं कबूल केलं, तर माझंही ऐका. तो एक जून माझा आहे. कांता अर्ज घेऊन आली, पोरीला सहा पुरी नव्हती, शाळा घेईना. मीच म्हटलं, लिहून टाकू. माझ्या हातचं अक्षर आहे. चाळीतल्या अकरा पोरांची जन्मतारीख एक जून आहे, सगळी माझी बाळंतपणं." त्यांनी डाव्या हातानं कपाळ पुसलं. "शाळेत जायचं तर पोर मोठी, आणि शिक्षा करायची तरी पोर मोठी. सोयीनं वाढवलं मी तिला. द्या ती नोटीस इकडं."

कांतानं कागद दिला. पण नानांना एका हातानं तो फाडता येईना. त्यांनी तो नलूपुढं धरला. "तू एका बाजूनं धर. ओढ."

नलूनं ओढला नाही. "नको. माझं पहिलं पत्र आहे ते."

नानांनी कागद तिच्या हातात सोडला आणि म्हणाले, "मग ठेव. नोटीस मी मागं घेतली, सगळ्यांसमक्ष. पण नोटीस मिळाली की लेखी उत्तर द्यायचं असतं, ही रीत आहे. मैत्रीतसुद्धा."

उत्तर नलूनं दुपारी काकूंच्या उंबऱ्यापाशी बसून लिहिलं, पाटीवर आधी आणि मग कागदावर. काकूंनी एकही शब्द सुचवला नाही. "नाना, मी धावले. तुम्ही पडलात. मला वाईट वाटलं. आता मी वळणावर हळू जाईन. हात दुखतो का. तुमचा ळ चुकला आहे तो असा काढतात." खाली पाच ळ ओळीनं काढून दाखवले होते. सही, नलिनी सीताराम राऊळ, इसम.

पत्र पोस्टातून नाही गेलं. ती स्वतः देऊन आली. आणि दुसऱ्या दिवसापासून नाना डाव्या हातानं ळ गिरवायला लागले. रमाकांतनं रेशनकार्डाचा अर्ज लिहायला आणला तेव्हा नाना सांगत होते आणि रमाकांत लिहीत होता. चहा मात्र नेहमीचाच झाला, आणि कायदाही.

काकूंचं मन तरी निवलं नव्हतं. कबूल केलं म्हणून हाड सांधत नाही. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्या सकाळी उठून तांबाकाट्याच्या भांडीबाजारात गेल्या आणि घंटा घेऊन आल्या. मोठी नाही, मुठीएवढी, पण आवाज असा की दुकानदारानं वाजवली तेव्हा शेजारच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसलं.

"काकू, घंटा कार्तिकीला ना?" गंगुबाई म्हणाली. "अजून सव्वा महिना आहे."

"देवळात कार्तिकीला दुसरी देईन. ही आधीची, त्या गिळलेल्या शब्दाची."

त्यांनी सीतारामला स्टुलावर चढवून वळणाच्या खांबाला खिळा मारून घेतला. घंटेला लांब दोरी बांधली. ती कुठपर्यंत ठेवायची म्हणून नलूला खांबाशी उभं केलं, आणि तिच्या हाताला येईल तिथं गाठ मारली. मग सगळ्या पोरांना ओळीनं उभं करून नियम सांगितला: वळायच्या आधी एकदा वाजवायची. मोर्चा असो, पोलीस असो, नुसतं शू-शूला जाणारा असो.

"आणि मोठ्या माणसांनी?" एका पोरानं विचारलं.

काकूंनी थोडा विचार केला. "मोठ्यांनी दोनदा."

नवरात्रातली दुसरी संध्याकाळ. ऊन उतरलं, काकूंनी माळ घेतली. लांब बाजूला मोर्चा निघाला. फूटपट्टी नवी, चिंधी तीच. "झालाच पाहिजे!" च बरोबर आपटला जात होता. पलीकडं नाना रिकामी बादली डाव्या हातात धरून नळाकडून येत होते. आता पाणी त्यांना कांता भरून देई, पण बादली धुऊन आणायचा हट्ट नानांचाच. काकूंना दोघंही दिसली. "पोलीस आले!" कुणीतरी ओरडलं. पावलं धडधडत वळणाकडं आली.

काकूंनी माळ खाली ठेवली. हात दोरीकडं गेला. ओठ विलग झाले. आज त्या थांबणार नव्हत्या, नेम असो वा नसो.

पण त्यांच्या आधी एक छोटा हात तिथं पोचला होता. घंटा खणखणली. पलीकडं नाना जागच्या जागी थांबले, बादली भिंतीकडं घेतली आणि कोर्टात पुकारा करावा तशा सुरात म्हणाले, "या! वाट मोकळी आहे!"

सत्याग्रही हळूहळू, अगदी पाहुण्यांसारखे, वळणावरून गेले. सगळ्यात शेवटी नलू. जाता जाता तिनं काकूंकडं पाहून भुवया उंचावल्या. काकूंनीही उंचावल्या.

मग त्यांनी माळ उचलली. कितवा मणी होता ते आठवेना, म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली.